दुसऱ्या भागानंतरची शांतता

१

रविवार ते गुरुवार, दुपारी चार वाजता, मामा सिंफनी ऐकायचा. शुक्रवारी शब्बाथच्या गडबडीत वेळ नसायचा आणि शनिवारी यंत्राला हात लावायचा नाही. चाराला पाच कमी असताना मी वरच्या मजल्यावर जायचे, खिडकीची झडप खाली ओढायचे, कॅसेट घालायचे, बटण दाबायचे आणि मामासमोरच्या खुर्चीत बसायचे. एवढंच काम.

हे काम मला शिक्षा म्हणून मिळालं होतं. एकोणीसशे नव्याण्णवच्या उन्हाळ्यात मी यरुशलेमचं विद्यापीठ दुसऱ्या वर्षाला सोडून ओफाकिमला, दक्षिण इस्राएलातल्या आमच्या गावी, परत आले. कोकणातून इथे आलेल्या आमच्या मोठ्या माणसांना आयुष्यात दोनच गोष्टी जमल्या, रडगाणं आणि सल्ला. मला दोन्ही पोटभर मिळालं. आईने, तिचं नाव मिरियम, शरदातल्या सुक्कोत सणापर्यंत तोंड फिरवलं, आणि मग म्हणाली की भिंती बघत बसण्यापेक्षा गर्शोनच्या कॅसेटी तरी बदल, त्याचे हात थरथरतात.

गर्शोन मामा आईचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षं कापड गिरणीत मागांवर उभा राहिला. मागांनी आधी त्याचे कान खाल्ले, मग कुणाच्या लक्षात न येता छाती. छप्पन्नाव्या वर्षी तो जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायचा आणि आपण थांबलो नाही असं दाखवायला भिंतीवरचा रंग तपासायचा. बायको नाही, मूल नाही. होत्या त्या एकशेचार कॅसेटी.

२

त्या कॅसेटींची गंमत अशी की त्यांच्या कडेवर फक्त आकडा होता. संगीतकाराचं नाव कुठेच नाही.

मामाचा हिशेब सरळ होता. या लोकांनी आपापल्या सिंफनींना क्रमांक दिलेत, तर आपण क्रमांक पाळायचा. पहिली कुणाचीही घ्या, दुसरी दुसऱ्या कुणाची, पण एकामागून एक. पहिली ब्राम्सची, दुसरी सिबेलिअसची, तिसरी बेथोवनची, चौथी चायकोव्हस्कीची. सगळ्या एकाच माणसाने लिहिल्यात असं समजून तो ऐकायचा. पंचवीस वर्षं रेडिओवरून एकेक टिपून त्याने हा एकच माणूस तयार केला होता.

नऊपर्यंत गर्दी आहे, तो सांगायचा, वाटेल तो निवडा. नऊच्या पुढे पातळ होत जातं. त्याच्याकडे दहा ते पंधरा एका शोस्ताकोविचच्याच होत्या. सोळापासून उलटं दोनशे वर्षं मागे जायचं, कारण शेल्फवर मोझार्ट आणि हायडन दोघेच उरायचे. सदतिसावी मोझार्टची म्हणून छापली गेली, पण ती बहुतेक सगळी दुसऱ्याचीच निघाली. तिथे एक भोक आहे, असं तो आवाज खाली आणून सांगायचा. एक्केचाळीसला मोझार्ट संपायचा. बेचाळीसपासून एकशेचारपर्यंत एकटा हायडन.

"आणि एकशेचारनंतर?" मी विचारलं होतं.

"नंतर कोण नाय."

हे तो इतक्या समाधानाने म्हणाला की मला त्याचा राग आला. आकडा वाढतो तशी खोली रिकामी होत जाते आणि या माणसाला त्यात सुख वाटतं. आयुष्यही असंच जगला, मी मनात म्हटलं.

३

सुक्कोत संपल्यावर पहिल्या रविवारी आम्ही पहिली लावली.

सिंफनीत साधारण चार भाग असतात. एक भाग संपला की दहा-पंधरा सेकंद थांबतात. कार्यक्रम सभागृहातला असेल तर त्या वेळात लोक खोकून घेतात, खुर्च्या करकरतात. मला संगीतातलं काही कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं, त्यामुळे मी त्या थांबण्याचीच वाट बघायचे.

दुसरा भाग संपला. लोक खोकले. मग खोकणं संपल्यावर एकाने घसा साफ केला आणि अगदी हळू एक शब्द म्हटला.

लेव.

हिब्रूत लेव म्हणजे हृदय. कुणीतरी बायकोला काही सांगत असेल, नाहीतर लेव नावाचा रशियन असेल. नव्वदनंतर रशियन आले, तेव्हापासून आमच्या गावात दर दुसऱ्या जिन्यात एक लेव राहतो. मी मामाकडे पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता. त्याला बारीक आवाज ऐकूच येत नसे.

सोमवारी दुसरी. दुसऱ्या भागानंतर तोच घसा, तोच आवाज: दोन.

मराठीत, आमच्या घरातल्या भाषेत. मी खुर्चीत सरळ बसले. मंगळवारी तीन, बुधवारी चार.

माझं डोकं बरं चालतं, विद्यापीठ सोडलं म्हणून डोकं सोडलं नाही. उत्तर मला दोन मिनिटांत मिळालं. सुरुवातीला मामा रेडिओसमोर माइक ठेवून टेप करायचा, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. म्हणजे खोलीतला आवाज टेपवर जाणारच. मामा कॅसेटचा नंबर लक्षात ठेवायला स्वतःशी पुटपुटत असणार. संपलं.

पाचवीच्या वेळी त्याला विचारलं, टेप करताना तू काही बोलायचास का, तर तो म्हणाला की टेप चालू असताना तो श्वाससुद्धा तोंडाने घेत नसे. आणि हेही म्हणाला की माइकवाल्या कॅसेटी फक्त पहिल्या सात. आठवीपासून त्याने रेडिओ आणि टेप एकातच असलेलं यंत्र घेतलं. त्यात बाहेरचा आवाज शिरायला जागाच नव्हती.

आठवी शुबर्टची. तिला दोनच भाग आहेत, तिसरा त्याने पुरा केलाच नाही. दुसरा भाग संपला, टाळ्या सुरू झाल्या. मला हलकं वाटलं, कारण थांबायला जागाच उरली नव्हती. टाळ्या वाजत राहिल्या, विरल्या, निवेदिकेने बोलायच्या आधी श्वास घेतला, आणि त्या श्वासाच्या अलीकडे, घसा साफ करून, कुणीतरी आठ म्हटलं.

४

मी महिनाभर कुणाला बोलले नाही. बोलून काय मिळतं ते मला माहीत होतं. आईने लगेच एलियाहू नबीला मालिद्याचा नवस बोलला असता, आणि मामाने माझ्यासाठी डॉक्टर शोधला असता.

पण मी ऐकत होते. आवाज म्हाताऱ्या माणसाचा नव्हता, तरुणाचाही नव्हता. त्याला घाई नव्हती. कामात असलेल्या माणसाचा आवाज होता, ओझं उचलून खाली ठेवताना निघतो तसा, आकड्याच्या शेवटी जरा दमलेला. आणि त्याच्यामागे सभागृह नव्हतं. सभागृहातला खोकला लांबून येतो, त्याला छत असतं. हा उघड्यावर बोलत होता. आकड्यानंतर काहीतरी सरसरत ओतल्याचा आवाज यायचा. रेडिओची खरखर, मी म्हणायचे. दर वेळी आकड्यानंतरच येणारी खरखर.

सोळाच्या पुढे वाद्यं कमी होत गेली. तो मात्र तेवढाच राहिला, त्यामुळे जास्त ऐकू यायला लागला.

नोव्हेंबरात मामाच्या छातीचे फोटो काढले. हृदयाच्या तीन नळ्या बुजल्या होत्या. बेरशेव्याच्या डॉक्टरांनी छाती उघडायची म्हणून जानेवारीची तारीख दिली, आणि टाळलंत तर उन्हाळा दिसणार नाही असं तोंडावर सांगितलं. मामा हो म्हणून आला.

त्या आठवड्यात चोविसावी चालली होती. मामा मला शिकवत होता की माणसाने हातात घेतलेलं पुरं करावं, विद्यापीठ काय आणि सिंफनी काय. मला तिडीक आली. मी त्याला सांगून टाकलं. म्हटलं, तुझ्या या पुऱ्या केलेल्या कॅसेटींत कोण मोजतंय ते तरी तुला माहीत आहे का? पहिल्या दिवशी लेव म्हणाला, मग दोन, तीन, चार. आज चोवीस. तू पंचवीस वर्षं बहिऱ्यासारखा बसलास समोर.

त्याला दुखवायला सांगितलं, हे मी लपवत नाही.

तो रागावला नाही. त्याने बोटं शर्टाच्या खिशावर ठेवली आणि हळूच विचारलं, "लेव म्हणाला? नक्की लेव?"

"नक्की."

"मंग हृदयच मोजतोय तो."

५

दुसऱ्या दिवशी त्याने दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली.

त्याचा विचार असा, की कुणीतरी त्याचं हृदय मोजतंय, दिवसाला एक. शेवटचा आकडा त्याला माहीत आहे, एकशेचार. म्हणजे एकशेचारपर्यंत ते चालणार, याची हमीच. मध्ये डॉक्टरांनी छाती उघडली तर मोजणी बिघडेल. आणि पुढे? पुढचं पुढे. शिवाय आता तर थांबायचंच नाही, रोज एक ऐकायचीच.

मी वाद घातला. म्हटलं, तो टेपमधला बिघाड आहे, मी गंमत केली, मला हिब्रू कळत नाही, काय वाटेल ते. तो फक्त मान हलवायचा. आमची माणसं अशीच. डॉक्टरने सांगितलेलं पटत नाही, भुताने सांगितलेलं पटतं, आणि भुताची खबर आणणारी मी.

डिसेंबर उजाडला. मामाच्या ओठांचा रंग बदलला. तो आता वरून खाली येईना, आई जेवण वर पोचवायची. आईला कारण माहीत नव्हतं. तो भ्याला, एवढंच ती समजत होती, आणि रोज दारात उभं राहून त्याला भित्रा म्हणत होती.  तो माझ्या एका शब्दाने मरत होता आणि तो शब्द मी उच्चारून सांगायला तयार नव्हते, कारण मग आईला मी काय केलं ते कळलं असतं. मोठ्यांना मी जे जे म्हणते त्यातलं बरंच मलाही लागू पडतं, हे मी तेव्हा चार वाजताच्या त्या खुर्चीत शिकले.

मामा बारीक होत होता. रोज थोडासा. रोज सारखाच थोडासा.

६

एकसष्टाव्या दिवशी मी आईला बोलावून आणलं. सगळं सांगितलं. वाटलं होतं, थोबाडीत बसेल. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, लाव.

आई मामापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मामाला तान्हा असतानाच मुंबईला मावशीकडे दिला होता. आई मात्र बारा वर्षांची होईपर्यंत रेवदंड्याजवळच्या गावात वाढली. तिला सिंफनी म्हणजे बँडबाजा. पहिला भाग तिने कंटाळून ऐकला. दुसरा संपला. घसा साफ झाला.

एकसष्ट.

सरसर ओतल्याचा आवाज.

आईने उठून यंत्र बंद केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली की पहिली लाव. मी पहिली लावली, टेप पुढे पळवून दुसऱ्या भागाच्या शेवटावर आणली. आईने ऐकलं. तिच्या तोंडावर मला वाटली होती तशी भीती नव्हती. खूप दिवसांनी ओळखीचं माणूस बाजारात दिसावं आणि नाव आठवू नये, तसं काहीतरी होतं.

"लेव नाय गो," ती म्हणाली. "लाभ."

खळ्यावर भात मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, तिने सांगितलं. पहिली पायली लाभ. मग दोन, तीन. गावात सगळे असेच मोजायचे, आमचे, मराठे, कोळी. एक म्हटलं की रास आटते.

मामाने हे तीनदा मोठ्याने बोलायला लावलं. मग त्याच्या चेहऱ्यावर रक्त आलं, खरोखर आलं. म्हणजे हृदयाचं काही नाही? नाही, आई म्हणाली, भात. कुणीतरी भात मोजतंय. तो हसायला लागला. त्या संध्याकाळी त्याने स्वतः जिना उतरून आमच्याकडे जेवण केलं, आणि सकाळी दवाखान्याला फोन करून तारीख परत मागितली. मिळाली. कॅसेटी आईने खोक्यात भरून टाकल्या. मी जिंकले होते, आणि तेही एका जुनाट शब्दाच्या जोरावर.

रात्रीची भांडी घासताना मी आईला सहज विचारलं, खळ्यावर मोजतात कशाला?

तिने घासलेलं पातेलं परत घासायला घेतलं. "ज्याचा वाटा आहे त्याला उचलून न्यायला," ती म्हणाली. मग आणखी म्हणाली, की मापारी मोजत असताना तिथे बायकापोरांना तोंड उघडू देत नसत. मध्ये कुणी बोललं की त्याचा आकडा चुकायचा, मग सगळं परत पहिल्यापासून.

"मामाला सांगू नकोस," ती म्हणाली. मी नाही सांगितलं.

७

जानेवारीत एका सोमवारी सकाळी साडेसातला मामाला आत नेलं. त्याचं घड्याळ, कवळी आणि कानातलं यंत्र एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. तो खुशीत होता. भूल देणारा डॉक्टर, एरन नावाचा पोरगेलासा माणूस, त्याला म्हणाला की तुमच्या भाषेत दहापर्यंत मोजा. एवढं ऐकू आलं आणि दार मिटलं.

आम्ही बाकावर बसलो. समोर दोन झडपांचं दार, प्रत्येक झडपेला गोल काच. आईने पर्समधून काहीतरी काढलं, परत ठेवलं. मी कॉफी आणली, कुणी प्यायली नाही. नऊ वाजले.

साडेनऊच्या सुमाराला एक नर्स बाहेर आली. छातीवर हदास असं नाव लावलेलं होतं. आम्ही दोघी उठलो. तिने हाताने खाली बसा केलं. सगळं ठीक चाललंय, म्हणाली, पण एक विचारायचं होतं. तुमच्या माणसाजवळ रेडिओ आहे का? कानातलं यंत्र?

मी पिशवी दाखवली. यंत्र माझ्याकडेच होतं.

ती जरा हसली, हसू जमलं नाही. मग तिने हिब्रूत भराभर सांगितलं. पेशंटने मोजायला सुरुवात केली, चारापर्यंत गेला आणि झोपला, सगळे तसेच झोपतात. घशात नळी घातली. नळी घातल्यावर माणूस बोलू शकत नाही, आवाजाच्या पडद्यांमधूनच ती जाते. पण मोजणं चालूच राहिलं. आधी वाटलं शेजारच्या खोलीतून येतंय. एरनने तिथे जाऊन बघितलं, ती खोली रिकामी होती.

"त्याच्याच आवाजात?" मी विचारलं.

"नाही."

"आता कितीपर्यंत आलाय?"

तिला मराठी कुठून येणार? तिने मघाशी ऐकलेला शेवटचा आवाज तसाच करून दाखवला, शाळेतल्या पोरीसारखा जपून: "अठ्ठ्याण्णव."

आई उठली. ही बाई आयुष्यभर अधिकाऱ्यांसमोर, डॉक्टरांसमोर, गिरणीच्या मुकादमासमोर मान खाली घालून उभी राहिली आणि त्याबद्दल मी तिला कधी माफ केलं नाही. ती सरळ त्या दाराशी गेली, दोन्ही तळहात झडपांवर ठेवले आणि ओरडायला लागली. काहीही. बोंबलाचा भाव. कुणाच्या लग्नात कोण रुसलं. सात, एकोणीस, बावन्न, तीन. हदास तिला मागे ओढत होती. कॉरिडॉरमधले लोक उठून बघायला लागले. मला लाज वाटली, दोन क्षण, फार तर तीन.

मग मीही ओरडायला लागले. मला साठाच्या पुढचे मराठी आकडे धड येत नाहीत, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत माझा कायम घोळ होतो. ते सगळे ओरडले. त्र्याऐंशी, सदुसष्ट, नव्वद, मग परत नव्वद. चुकीचे, उलटे, नसलेले. आईचा आणि माझा आवाज इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका बाजूने जात होता.

रक्षक धावत आला. त्याने आईला खांद्याला धरून मागे घेतलं, तिचे हात झडपेला रेटा देत निसटले आणि ती आत झुकून उघडली.

लांब, दुसऱ्या काचेपलीकडे, मला टेबल दिसलं. हिरव्या कपड्यांतली चार माणसं दिसली. चौघांचे हातमोजे घातलेले हात छातीसमोर उचललेले, आणि कुणीही टेबलाकडे बघत नव्हतं. ते सगळे डावीकडच्या कोपऱ्यात बघत होते, खाली, जमिनीकडे.

तिथे कुणीतरी आमच्याकडे पाठ करून उकिडवं बसलं होतं. पाठ उघडी होती, उन्हात काम करून रापलेली. उजवा हात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाता जाता मध्येच थांबला होता, आकडा विसरलेल्या माणसाचा थांबतो तसा.

आई ओरडत होती. मीही.

मग कोण बोललं ते बघायला त्याने मान वळवायला सुरुवात केली, आणि झडप परत मिटली.